ऐकून तपासले

४ जून

प्रिय ठिणगी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे आधी बाजूला ठेवलं असशील. मग हातातलं काम संपवून, हात पुसून, शेवटी उघडलं असशील. निदान मी तसं धरून चालतो. दोन वर्षं झाली आपण बोललो नाही. मग फोन का नाही केला, असं तुला वाटेल. फोनवर मला हल्ली सुचत नाही. कागदावर निदान खोडता येतं.

कामाचंच आहे. संगीत विद्यालयाच्या बाई आल्या होत्या. पुढच्या सत्रापासून त्या मॉड्युलर सिंथेसायझर शिकवणार आहेत. मुलांनी एकेक पेटी वायरींनी जोडत जायची आणि आवाज घडवायचा. बाकी पेट्या ठरल्या, गाडी रिंग मॉड्युलेटरपाशी अडली. दोन त्यांनी आणून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, तिसरी तुमची ठेवा, तिन्हींच्या आवाजाची तुलना लिहून द्या, आम्ही पुस्तिकेत छापू. "दादा, तुमचे कान सांगतील तीच घेऊ," असंही म्हणाल्या. मला नाही म्हणता आलं नाही.

पहिली पेटी जुनी आहे, कुठल्याशा रेडिओ केंद्राच्या भंगारातून वाचलेली. आत चार डायोड आणि दोन लोखंडी ट्रान्सफॉर्मर. उचलताना कंबर धरते. दुसरी नवीकोरी, सगळं काम एका चिपवर, वजन चपलेएवढं. तिसरी आपली, म्हणजे तुझी. चार डायोडचं कडं तेच, पण ट्रान्सफॉर्मर काढून त्या जागी तू बसवलेले छोटे अॅम्प्लिफायर. आपल्या दुकानात आता ही एकच उरली आहे. कोणती ते तुला कळलं असेल. नाटकवाल्याने परत आणून दिलेली.

अहवालाचा पहिला परिच्छेद असा लिहिला आहे, मुलांना समजेल का सांग: "रिंग मॉड्युलेटरला दोन सूर द्यावे लागतात. तो दोघांनाही बाहेर सोडत नाही. बाहेर येते त्यांची बेरीज आणि वजाबाकी. एका वाटेने सेकंदाला चारशे कंपनांचा सूर घातला आणि दुसऱ्या वाटेने शंभरचा, तर पाचशेचा आणि तीनशेचा असे दोन नवे सूर निघतात, आणि चारशे-शंभरचा मागमूस राहत नाही. म्हणून साध्या बासरीची घंटा होते आणि माणसाच्या बोलण्याचं यंत्र होतं. पेटी चांगली की वाईट हे एवढ्यावरूनच ठरतं, की आत गेलेले सूर तिने खरोखर आत ठेवले का."

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर वाटलं की तू हे वाचून काही भलतंच समजशील. तसं काही मनात नाही. झालं ते झालं. चूक तुझ्या एकटीची होती असं मी कधीच म्हटलं नाही.

एक मागणं आहे. तिन्ही पेट्यांचे आवाज तू पूर्वी ऐकलेले आहेस. ह्याच दोन नाही, पण तसल्या. तुला ते कसे वाटतात ते चार ओळींत लिही. शब्द तुला चांगले सुचायचे. मी नुसताच चांगला-वाईट म्हणणारा.

तुझा,
दादा

१९ जून

प्रिय ठिणगी,

पंधरा दिवस झाले, तुझं पत्र नाही. कारखान्यात काम जास्त असेल. लिफ्टच्या पॅनेलचं वायरिंग तपासतेस असं कुणाकडून तरी कळलं. माणसं वरखाली नेणाऱ्या यंत्राला तुझ्यासारखी तपासणारी मिळाली, त्या माणसांचं नशीब.

मी रोज सकाळी तिन्ही पेट्या लावून बसतो. जुनीचा आवाज जाड आहे, कडेने किंचित फाटलेला. सूर हळू दिला तर ती झोपते, जोरात दिला की खडबडून उठते. ट्रान्सफॉर्मर आहेत म्हणून तळाला ऊब आहे. चिपवालीला स्वभावच नाही. हळू द्या, जोरात द्या, तिचं उत्तर सारखंच स्वच्छ, धुतलेल्या काचेसारखं. तुझ्या पेटीबद्दल अजून काही लिहिलं नाही. तिचं वरचं अंग जरा वेगळं आहे, त्यावर विचार चालू आहे.

शेजारच्या शिंपीणबाई परवा येऊन उभ्या राहिल्या. म्हणे आवाज इतका मोठा असतो की मशीनची सुई कुठे पडली ते कळत नाही. आवाज काही एवढा मोठा नसतो. त्यांना कपड्यांतलं कळतं, ह्यातलं कळत नाही. तरी मी कमी केला. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या तेव्हा मात्र मी हात जोडले आणि त्यांनी माझं दार बाहेरून ओढून घेतलं. दार मी हल्ली उघडंच ठेवतो. बेल बिघडली होती, काढून टाकली. ज्याला यायचं तो आत येतो.

स्कोप माळ्यावरून खाली काढला आहे. हसू नकोस. तू म्हणायचीस, "दादा, स्कोपवर एकदा बघून घेऊ या का," आणि मी म्हणायचो की कान असताना डोळे कशाला. आता अहवालात चित्र द्यायचं म्हणून काढला. पडद्यावर सुराची हिरवी रेघ बघायला बरी वाटते.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं, लिहितोच. नाटकवाला आला त्या दुपारची. त्याने पेटी टेबलावर आपटली नव्हती, तू तसं नंतर म्हणालीस, पण त्याने ठेवली होती. आणि तो म्हणाला होता की पहिल्या प्रयोगाला नटी पाच मिनिटं गप्प उभी राहते त्या जागी ह्या पेटीतून बारीक शिट्टी येत राहिली, पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांत बोटं घातली, आणि नटी शेवटी रडत आत गेली. त्याने पेटी लावून दाखवली. तू लगेच म्हणालीस, "आहे, शिट्टी आहे." मीही म्हटलं, हो, आहे. मग तू माझ्याकडे वळून विचारलंस की पेटी बाहेर गेली तेव्हा मी ऐकली होती ना. प्रत्येक पेटीच्या पाठीवर माझ्या सहीची चिठ्ठी असते, "ऐकून तपासले". मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. मी म्हणालो, तेव्हा शिट्टी नव्हती, डायोड नीट जुळले नसतील, नाहीतर माझ्यानंतर तू काहीतरी हलवलं असशील.

गिऱ्हाइकासमोर असं म्हणायला नको होतं. तेवढं मी मान्य करतो.

उत्तर पाठव.

दादा

७ जुलै

प्रिय ठिणगी,

तुझा कागद मिळाला. कारखान्याच्या तपासणीच्या वहीतलं पान फाडून लिहिलंस, मागे "पॅनेल क्र. ३१ ठीक" असं छापल्यासारखं अक्षर. वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही. तरी मी तो चारदा वाचला.

तू लिहिलेलं अहवालात जसंच्या तसं घेतलं आहे: "जुन्या पेटीतून घंटा वाजते ती वापरलेली घंटा असते. चिपमधून वाजते ती दुकानातली. पहिलीत कुणाचा तरी हात लागलेला ऐकू येतो." हे मला दहा जन्मांत सुचलं नसतं. खाली तुझं नाव घालू का? नको असेल तर घालणार नाही.

आणि तुझी शेवटची ओळ. "माझ्या पेटीची शिट्टी अजून आहे का ते ऐक आणि लिही. मला दुसरं काही नको."

मी पेटी उघडली. ती आल्यापासून कुणीच उघडली नव्हती. तू त्या दिवशी उघडू या म्हणत होतीस आणि मी नको म्हटलं होतं. काल भिंग आणि मीटर घेऊन बसलो. चारी डायोड एकेक करून मोजले. चौघांत मिळून एका मिलिव्होल्टचा फरक निघाला. एक, ठिणगे. तू दोनशेतून चार निवडायचीस ते आठवलं, टेबलावर कापसावर ओळीने मांडायचीस आणि मला श्वास रोखून धरायला लावायचीस. तुझी जुळवणी बिनचूक आहे. हे मी लिहून देतो, सहीनिशी.

मग राहिला तो मागचा स्क्रू, ज्याने दोन्ही बाजूंचा तोल साधतात. तो तोलावर नाही. स्कोपवर स्पष्ट दिसतं, एका वाटेचा सूर वरच्या पट्टीत गेला की तसाच बाहेर झिरपतो. वाहतुकीत सरकला असावा. नाटकवाल्याचे लोक सामान कसं फेकतात ते तुला माहीत आहे.

तर शिट्टी आहे. पण ती तुझ्या हातची नाही.

ती काढायला अर्धा फेरा पुरेल. मला वाटतं, तो तू द्यावास. पेटी तुझी आहे. वीस तारखेला, गुरुवारी, तुझी आठवड्याची सुट्टी असते ना? मी दिवसभर इथेच आहे, एकटा. दार उघडं असेल. तू ये, स्क्रू फिरव, मी स्कोप बघतो. मग बाईंना पेटी जाईल. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. तुझी भिंगाची लाकडी बैठक अजून जागेवर आहे, खणांवरच्या तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्याही. एकही बदललेली नाही.

वाट बघतो.

दादा

२२ जुलै

ठिणगी,

तू आली नाहीस.

मी सकाळी आठला टेबल पुसलं. तिन्ही पेट्या लावल्या, तुझ्या खुर्चीवरचं सामान काढलं. दहापर्यंत दाराकडे तोंड करून बसलो. मग ते बावळटासारखं वाटायला लागलं, म्हणून कामाला लागलो. दुपारी पाव खाल्ला, चहा केला, दोन कप केला. चारला दुसरा कप मीच प्यायलो. सहाला पेट्या बंद केल्या.

यायचं नव्हतं तर कागदाच्या तेवढ्याच तुकड्यावर "नाही" लिहायचं होतंस. तुझ्याकडे वही आहे की.

मी वयाने तुझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. बाबा गेले तेव्हा तू दुसरीत होतीस. तुझ्या हातात पहिलं सोल्डरिंग आयर्न मी दिलं, तू पहिल्याच दिवशी पडदा जाळलास आणि मी आईला सांगितलं की मी जाळला. ठिणगी हे नाव त्यावरून पडलं, आणि ते फक्त आपल्या दोघांना माहीत होतं. हे मोजून दाखवत नाही. पण एक माणूस दोन वर्षांनी हात पुढे करतो, डायोड बरोबर होते असं सहीनिशी लिहून देतो, आणि तू एका गुरुवारची बस पकडू शकत नाहीस. एवढा राग होता तर तो धरून ठेव. मी आता मागे लागणार नाही.

अहवाल आज पूर्ण केला आणि पोचता केला. चिपवाली घ्या असं लिहिलं. तुझ्या पेटीबद्दल लिहिलं की शांत जागी शिट्टी येते आणि मुलांच्या वापराला ती योग्य नाही. जे आहे ते लिहिलं. ऐकून तपासले.

दादा

९ ऑगस्ट

ठिणगे,

हे पत्र संपेपर्यंत वाच. मधे टाकून देऊ नकोस, एवढं एकदाच ऐक माझं.

काल शिंपीणबाईंकडे शर्टाची कॉलर उलटवायला गेलो होतो. त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो होतो. त्यांचा आवाज खर्जातला आहे आणि मशीन बंद होतं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुमची बहीण होती ना ती? गुरुवारी?"

मी म्हटलं, कोण बहीण.

त्यांनी सांगितलं ते असं. अकराच्या सुमारास एक बाई आली. कारखान्याचा निळा कोट, खांद्याला पिशवी. दारात उभी राहिली. आतून पेट्यांचा आवाज चालू होता. तिने हाक मारली, "दादा." मी पाठमोरा होतो आणि बटण फिरवत होतो. तिने पुन्हा हाक मारली. तिसऱ्या वेळी ती उंबऱ्याच्या आत आली आणि म्हणाली, "दादा, मी आले आहे." मी मान वर केली नाही. शिंपीणबाई म्हणाल्या, तुम्ही इतके सरळ बसला होतात की मला वाटलं ऐकून न ऐकल्यासारखं करताय. घरातलं भांडण दिसतंय, मी कशाला मधे पडू. मग ती बाई तिथेच उभी राहिली. किती वेळ, मी विचारलं. एका परकराचा घेर दुमडून होईल एवढा वेळ, त्या म्हणाल्या. मग गेली. जाताना त्यांच्याकडे बघून म्हणाली, "सांगू नका मी आले होते."

आणि ह्यानंतर दोन दिवसांनी मी तुला ते पत्र लिहिलं.

आता सगळं लिहितो. मला ऐकू येत नाही. पूर्ण बहिरा नाही, खालचं येतं. ट्रक येतो, पुरुषांचं बोलणं येतं, दार आपटलं तर येतं. वरचं गेलं. सुरुवात आठ वर्षांपूर्वी झाली. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मला वाटलं सेल संपला. मग बेल गेली. ती बिघडलेली नव्हती. मीच काढून टाकली, कारण ती वाजल्याचं मला लोकांच्या तोंडावरून कळायचं. मग बायकांच्या बोलण्यातली अर्धी अक्षरं जायला लागली. तुझा आवाज पहिल्यापासून बारीक. शेवटची दोन वर्षं तू बोलायचीस तेव्हा मी तुझ्या ओठांकडे बघायचो आणि उरलेलं अंदाजाने भरायचो. तू पाठ फिरवून बोललीस तर नुसतं "हं" म्हणायचो. तू एकदा रागावली होतीस की दादा, तू हल्ली माझ्या बोलण्याकडे लक्षच देत नाहीस. लक्ष सगळं तिकडेच असायचं.

कानाच्या डॉक्टरकडे एकदा गेलो. काचेच्या खोलीत बसवून हातात बटण दिलं, सूर ऐकू आला की दाबा म्हणाले. मी खूप वेळ वाट बघत बसलो होतो. बाहेर आल्यावर कळलं की परीक्षा कधीच संपली होती. त्यांनी कागदावर रेघ काढून दाखवली, कड्यावरून खाली पडावी तशी. यंत्र घ्या म्हणाले. दुकानात येणाऱ्या माणसांनी माझ्या कानामागे यंत्र बघितलं असतं तर काय राहिलं असतं? लोक तुझ्या हातासाठी यायचे आणि माझ्या कानासाठी. मी कागद फाडला.

ज्या पेट्या तू बनवल्यास, त्यांचा तोल मी साधत होतो. खालच्या पट्टीत सूर लावून मी स्क्रू फिरवायचो, माझ्या दृष्टीने सगळं गप्प व्हायचं, आणि मी चिठ्ठीवर सही करायचो. वरच्या पट्टीत काय चाललं आहे ते मला कळत नव्हतं, आणि कळत नाही हे मला माहीत होतं. बाकीच्या पेट्या नशिबाने बऱ्या निघाल्या. नाटकवाल्याची निघाली नाही. त्याने पेटी लावून दाखवली तेव्हा मला काहीही ऐकू आलं नाही. तू "आहे" म्हणालीस म्हणून मी "आहे" म्हणालो. आणि तू मला विचारलंस तेव्हा मी तुझ्याकडे बोट दाखवलं. मला एक क्षण होता, ठिणगे. तो क्षण मला अजून दिसतो. तुझ्या हातात भिंग होतं आणि तू खात्रीने बघत होतीस की दादा खरं सांगेल.

स्क्रू वाहतुकीत सरकला नव्हता. सही केल्यावर मी स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका देतो, तो न तडकता तसाच होता. मी गेल्या महिन्यात भिंगातून तो बघितला आणि तरी तुला तसं लिहिलं.

तिन्ही पेट्यांची तुलना मी केलीच नाही. मला वजाबाकी ऐकू येते, बेरीज ऐकू येत नाही. तिन्ही मला जवळपास सारख्या लागतात. जे लिहिलं ते आठवणीतून, स्कोपवरून आणि तुझ्या चार ओळींतून. तुला पहिलं पत्र लिहिलं तेच त्यासाठी. तुझी आठवण येत होती हेही खरं आहे, पण आधी ते नव्हतं. आधी मला तुझे कान हवे होते.

आज सकाळी बाईंकडे गेलो. पुस्तिका छापून वाटून झाली आहे. तुझी पेटी सदोष असं माझ्या सहीने शहरातल्या प्रत्येक वाजवणाऱ्याच्या घरी गेलं. मी म्हटलं, दुरुस्ती छापा, दोष बनवणारीचा नाही, तोल साधणाऱ्याचा आहे. त्यांनी काहीतरी विचारलं, बहुधा का म्हणून. मला सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या बघू. किंवा दुसरं काही म्हणाल्या.

तुझी पेटी मी बंद करून ठेवली आहे. स्क्रूला हात लावलेला नाही. लावून मला काय कळणार?

तू आली होतीस. बस बदलून, सुट्टी घालवून आली होतीस. मी तुझ्याकडे पाठ करून तुझी वाट बघत होतो.

दादा

२८ ऑगस्ट

(कार्ड पहिले, एकूण तीन)

ठिणगे, पाकीट तू उघडत नाहीस म्हणून कार्डं पाठवतो. टपालवाल्याने वाचलं, तुमच्या जिन्यातल्या लोकांनी वाचलं, तरी हरकत नाही. परवा मी तुमच्या घरी आलो होतो. तुझ्या नवऱ्याने दार उघडलं. त्याचा आवाज जाड आहे, मला समजतो. बावीस जुलैचं पत्र वाचून तू दोन दिवस जेवली नाहीस, असं तो म्हणाला. त्याच्यानंतरचं जाड पाकीट त्याने खणातून काढून दाखवलं, बंदच होतं. त्याला मी तिथेच सगळं सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. तो म्हणाला, तिची पाळी दोनला सुटते, फाटकापाशी गाठा.

(कार्ड दुसरे)

तू तुझ्या तीन-चार जणींबरोबर बाहेर आलीस. मला बघून थांबलीस. त्याही थांबल्या. मी रस्ताभर तीन वाक्यं घोकत आलो होतो. पहिलं बोललो: पेटीचा दोष माझा होता, तुझा कधीच नव्हता. दुसरं वाक्य होतं, मला ऐकू येत नाही. तुझ्या बरोबरच्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. ते तोंडातून निघालं नाही. मागे कारखान्याचा पंखा घुमत होता, तो मला पुरता ऐकू येत होता. तू काहीतरी बोललीस. चार-पाच वाक्यं असतील. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो, पण तू मान खाली घातली होतीस. मग तू वर बघून एक प्रश्न विचारलास, छोटा. मी होकाराची मान हलवली. इतकी वर्षं हीच सवय, समजलं नाही की मान हलवायची. तू माझ्याकडे बघितलंस आणि चालायला लागलीस. मला वाटलं, मिटलं बहुतेक.

(कार्ड तिसरे)

फाटकावरचा पहारेकरी म्हातारा आहे. त्याने मला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाला, "अहो, हो कशाला म्हणालात?" मी विचारलं, कशाला हो म्हणालो? तेव्हा त्याने सांगितलं. तू विचारलं होतंस, "त्या दिवशी मी दारात हाका मारत होते, त्या तुला ऐकू आल्या होत्या?"

ठिणगे, मला ऐकू येत नाही. आठ वर्षं झाली. तुझ्या हाका मला ऐकू आल्या नव्हत्या, आणि परवाचा तुझा प्रश्नही नाही. त्याचं उत्तर नाही असं आहे. जिन्यातल्या कुणी हे आधी वाचलं असेल तर त्यांनी तिला वाचून दाखवावं.

दादा